आरई वॉलचा बीटा काढताना आधी खाण बघा, मग मॉन्टे कार्लो

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, कुठे चुकत असेन तर सांगा. फ्लायओव्हरच्या अ‍ॅप्रोचला ८ मीटर उंचीची आरई वॉल (मातीच्या थरांत आडव्या पट्ट्या पुरून, पुढे पॅनेल लावून उभी केलेली भिंत) आहे, पट्ट्यांची लांबी उंचीच्या ०.७ पट म्हणजे ५.६ मीटर, मागे मुरूम, आणि स्लायडिंगचा (भिंत तळावर पुढे घसरण्याविरुद्धचा) एफओएस, म्हणजे अडवणारं बल भागिले ढकलणारं बल, १.७९ आलाय. प्रूफ चेकरने (डिझाइन स्वतंत्रपणे तपासणाऱ्या इंजिनियरने) विचारलं की बीटा (सरासरी एफओएस फेल होण्याच्या रेषेपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन लांब आहे तो आकडा) किती आणि भिंत फेल होण्याची शक्यता किती, म्हणून तुम्ही एक्सेलमध्ये मॉन्टे कार्लोचे (दरवेळी इनपुट रँडम बदलून तोच हिशेब करायचे) ५०० रन मारले, एकाही रनमध्ये एफओएस १ च्या खाली गेला नाही, आणि आता विचारताय की रिपोर्टमध्ये शक्यता शून्य असं लिहू का, आणि फायचा (मातीच्या घर्षणाच्या कोनाचा) सीओव्ही (पसरटपणा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी) १० टक्के धरलाय तो चालेल का.

शून्य लिहू नका. खरी शक्यता हजारात दोन असेल तर ५०० रनमध्ये सरासरीने एकच फेल दिसणार, आणि एकही न दिसण्याचा चान्स जवळपास ३७ टक्के आहे. ५०० पैकी शून्य आलं तर तेवढ्यावरून फार तर असं म्हणता येतं की शक्यता साधारण ०.६ टक्क्याच्या आत असावी, तेही ९५ टक्के खात्रीने (३ भागिले रनची संख्या, हा सोपा हिशेब लक्षात ठेवा, खूप ठिकाणी कामाला येतो). हजारात दोनच्या आसपासची शक्यता १० टक्क्यांच्या अचूकतेने काढायची असेल तर ५०,००० च्या आसपास रन लागतात. एक्सेलला ते जड नाही, करून टाका.

पण रन वाढवून तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. ५० लाख रन मारले तरी उत्तर तेवढंच खरं जेवढे तुम्ही आत घातलेले आकडे खरे. मी इतक्या वर्षांत जे रिपोर्ट तपासले त्यात गणित चुकलेलं फारच थोड्या वेळा सापडलं, चूक बहुतेक वेळा इनपुटच्या पानावर असते, आणि ते पान सगळ्यात कमी वेळ देऊन भरलेलं असतं.

पहिली गोष्ट तपासा, सरासरी म्हणून तुम्ही काय घातलंय? आयआरसी एसपी १०२ (इंडियन रोड्स काँग्रेसची अशा भिंतींची मार्गदर्शिका) प्रमाणे डिझाइन करताना आपण पार्शल फॅक्टर (भार वाढवून, ताकद कमी करून धरायचे गुणक) लावतो, फायची किंमत मुद्दाम खाली धरतो, अमेरिकेच्या आश्टो या रस्ते-पुलांच्या कोडमध्ये तर चांगल्या दाणेदार बॅकफिललासुद्धा (भरावाच्या मातीलासुद्धा) टेस्ट नसेल तर ३४ अंशाच्या वर जात नाहीत. हे डिझाइनला बरोबर आहे. पण प्रोबॅबिलिटीच्या हिशेबात फॅक्टर लावलेली किंमत सरासरी म्हणून घातली आणि तिच्याभोवती परत १० टक्के पसरवलं तर सावधगिरी दोनदा मोजली जाते, मग जो बीटा येतो त्याला काही अर्थ राहत नाही. इथे लोड आणि ताकद दोन्हींची खरी, फॅक्टर न लावलेली सरासरी लागते, म्हणजे टेस्टमधून जी निघाली ती.

आता हातानेच हिशेब करून दाखवतो, कारण मॉन्टे कार्लोच्या आधी हा हिशेब केला की कुठला आकडा जड आहे ते डोळ्यांना दिसतं. तुमची भिंत घेऊ. मागच्या भरावाचा फाय ३० अंश, वजन १९, पाया मातीचा फाय २८ अंश, पट्ट्यांच्या भागातल्या मातीचं वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर, वरून ट्रॅफिकचा सरचार्ज (गाड्यांचा जादा भार) १.२ मीटर मातीइतका म्हणजे २४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. मागचा एकूण रेटा साधारण २६७ किलोन्यूटन प्रति मीटर येतो, ब्लॉकचं वजन ८९६, त्याला टॅन २८ ने गुणलं की तळाचं घर्षण ४७६, भागिलं की १.७९. तुमचाच आकडा आला, म्हणजे आपण एकाच पानावर आहोत.

आता एकेक इनपुट एक स्टँडर्ड डेव्हिएशन वर, मग खाली सरकवायचं, आणि एफओएस किती हलतो ते बघायचं. मागच्या भरावाचा फाय ३ अंश हलवला तर एफओएस २.०२ ते १.५९ जातो. पाया मातीचा फाय ३ अंश हलवला तर २.०२ ते १.५७. ट्रॅफिक सरचार्ज २५ टक्के हलवला तरी १.९० ते १.६९ एवढंच, आणि मातीची वजनं ५ टक्क्यांनी हलवली तर त्याहून कमी. प्रत्येकाच्या फरकाची निम्मी, तिचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, वर्गमूळ. एफओएसचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३५ आलं. वर्गांच्या बेरजेत दोन फायचाच वाटा ८० टक्के आहे. सरचार्ज आणि वजनाच्या पसरटपणावर लोक पानंच्या पानं लिहितात, ते इथे फारसं काही बदलत नाही.

यातून बीटा काढायचा तर एफओएसचं वितरण नॉर्मल (दोन्ही बाजूंना सारखं, घंटेच्या आकाराचं) धरलं की २.२५ येतो, म्हणजे शक्यता साधारण ८० त एक. लॉगनॉर्मल (एफओएसचा लॉग नॉर्मल) धरलं की २.८९, म्हणजे साधारण ५०० त एक. तीच भिंत, तीच माती, आणि नुसत्या वितरणाच्या निवडीने सहापट फरक! मी लॉगनॉर्मल धरतो, कारण एफओएस हा भागाकार आहे, तो शून्याच्या खाली जात नाही आणि त्याचा आकार वरच्या बाजूला लांबलेला असतो. तुम्ही काहीही धरा, पण काय धरलं ते बीटाच्या शेजारीच लिहा, नाहीतर चेकरचा आकडा आणि तुमचा आकडा कधीच जुळणार नाही आणि महिनाभर पत्रव्यवहार चालेल.

आता तुमचा १० टक्के. फायसाठी छापील माहितीत २ ते १३ टक्के अशी रेंज मिळते, अमेरिकन जिओटेक्निकल इंजिनियर डंकन यांच्या २००० सालच्या पेपरमुळे ती सगळीकडे पोचली, त्यामुळे १० टक्के हा आकडा वेडावाकडा नाही. पण तो तुमच्या मुरमाचा आहे का? याचं उत्तर पुस्तकात नाही, खाणीवर आहे. त्याच डंकन यांचा तीन सिग्मावाला (सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन) नियम लोक वापरतात, सगळ्यात मोठी किंमत वजा सगळ्यात छोटी, भागिले ६. इथे एक मोठी गल्लत होते. ६ ने भागायचं ते तेव्हा जेव्हा तुम्ही शक्य असलेली टोकाची टोकं धरताय. तुमच्याकडे फक्त सहा डायरेक्ट शिअर टेस्ट (डब्यात माती आडवी सरकवून फाय काढायच्या) असतील आणि त्यात २६ ते ३४ अंश आलेत, तर सहा नमुन्यांची रेंज सरासरीने २.५ सिग्माचीच असते, म्हणून ८ ला २.५ ने भागायचं, सिग्मा ३.२ अंश, सीओव्ही १० टक्क्यांच्या थोडा वर. ६ ने भागलं असतं तर ४ टक्के आला असता आणि बीटा उगाचच फुगला असता. आणि मुरमात खडे असतील तर ६० मिलिमीटरच्या छोट्या बॉक्समध्ये केलेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही, ३०० च्या मोठ्या बॉक्समध्ये करून घ्या, पैसे लागले तरी.

खाणीचं एवढं का म्हणतोय ते सांगतो. माझ्या एका कामावर अ‍ॅप्रोचची एक बाजू एका खाणीच्या मुरमाने भरली, छान लालसर, दाणेदार माल, टेस्ट सगळ्या त्याच्याच. मग जमीनमालकाशी दरावरून बिनसलं आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या खाणीचा माल यायला लागला. दिसायला तोच. पण त्यात बारीक माती जास्त होती, ७५ मायक्रॉन चाळणीतून १५ टक्क्यांच्या वर जात होती, आणि नवीन टेस्ट कुणी मागितलीच नाही, मीही नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या बाजूचे पॅनेल मधल्या उंचीवर बाहेर आलेले दिसले, ओळंबा लावल्यावर नक्की झालं. भिंत पडली नाही, पण वरचा भाग उकरून परत भरावा लागला. माझ्या रिपोर्टमधला सीओव्ही एका खाणीचा होता, भिंत दोन खाणींची होती. तेव्हापासून खाण नक्की नसेल तर मी सीओव्ही १५ टक्के धरतो आणि तसं लिहून देतो.

१५ टक्क्याने काय होतं ते बघा. वरच्याच हिशेबात फक्त पाया मातीचा सीओव्ही साधारण १० वरून १५ केला, बाकी काही हात लावला नाही. एफओएस तोच १.७९. लॉगनॉर्मल बीटा २.८९ वरून २.४२ वर आला, शक्यता हजारात दोनवरून हजारात आठवर, म्हणजे चौपट. चेकर बीटा मागतो तो याच्यासाठीच, एफओएसला हा फरक दिसतच नाही.

अजून एक गोष्ट, को-रिलेशन. तुम्ही प्रत्येक इनपुट स्वतंत्र रँडम आकड्याने काढलाय. पण मागचा भराव आणि पायाखाली बदललेली माती एकाच डोंगरातून आली असेल तर एक वाईट निघाली की दुसरीही वाईट निघायची शक्यता जास्त. दोन्ही फायमध्ये ०.५ चं को-रिलेशन धरलं तर या भिंतीचा बीटा परत २.४ च्या आसपास येतो, म्हणजे सीओव्ही १५ केल्याइतकाच फटका. उलट पायाला मूळ जमीन आणि भरावाला बाहेरची माती असेल तर दोन्ही वेगळे धरणं रास्त आहे. हे साइटवर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा, पण इथेच बहुतेक जण अडकतात. लॅबमधला सीओव्ही हा एका मुठीएवढ्या नमुन्याचा असतो, आणि स्लायडिंगमध्ये घसरणारा तळ ५.६ मीटर रुंद, लांबीला कितीतरी मीटर. एवढ्या तळावर चांगली-वाईट माती एकमेकांना सांभाळून घेते, म्हणून तळाच्या सरासरी ताकदीचा पसरटपणा नमुन्यापेक्षा कमी असतो. संशोधक व्हॅनमार्क यांनी १९७७ मध्ये हे नीट मांडलं. म्हणून स्लायडिंगला सीओव्ही थोडा कमी करणं चुकीचं नाही. पण हीच सूट पुलआउटला (पट्टी मातीतून उपसून निघण्याला) देऊ नका. आरई वॉलमध्ये माती २०० मिलिमीटरच्या आसपासच्या थरांनी भरतात, एका पट्टीच्या वर-खाली जो थर आहे तो कदाचित दोन-चार डंपरचा माल, तो ओला पडला किंवा पॅनेलजवळ हलक्या रोलरने नीट दबला नाही तर त्या पट्टीला सांभाळून घ्यायला दुसरा थर येत नाही. त्यातून वरच्या दोन-तीन पट्ट्यांवर मातीचा दाब कमी, पकड आधीच कमी, म्हणून पुलआउट बहुतेक वेळा वरतीच क्रिटिकल निघतो, आणि पट्टी तुटण्याचा चेक खाली. म्हणून मी बाह्य स्थिरतेला (सगळा ब्लॉक मिळून हलण्याच्या चेकला) कमी केलेला सीओव्ही आणि पुलआउटला पूर्ण सीओव्ही असं वेगवेगळं वापरतो.

पट्टीच्या स्वतःच्या ताकदीची काळजी त्यामानाने कमी करा. फॅक्टरीत बनलेला माल, पसरटपणा थोडा. जिओग्रिड (प्लास्टिकची जाळी) असेल तर क्रीप (सतत ताणाखाली हळूहळू लांबत जाणं) आणि भरताना होणारी इजा हे जास्त महत्त्वाचं, विशेषतः टोकदार खडीवर रोलर फिरला तर.

मग बीटा किती पाहिजे? अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सच्या मार्गदर्शक तक्त्यात ३ म्हणजे सरासरीपेक्षा वर, ४ चांगला, २ खराब, आणि १ धोकादायक. तो बघून अंतर्गत स्थिरतेचा (पट्टी तुटणं किंवा उपसणं याचा) २.४ आला की लोक घाबरतात. पण पुलाच्या गर्डरला ३.५ चं टार्गेट धरणाऱ्या आश्टोच्या परंपरेतच आरई वॉलच्या पट्ट्यांसाठी २.३ पुरेसा मानलाय, म्हणजे साधारण शंभरात एक. कारण एक पट्टी ताणली गेली तर भार शेजारच्या पट्ट्यांवर जातो, भिंत एकदम जात नाही. ही सूट फक्त एकेका पट्टीला आहे. सगळा ब्लॉक घसरणं, खालची जमीन बसणं, किंवा भिंतीसकट खालची जमीन गोलाकार घसरणं (गोल घसरण) यात शेजारी कुणी नसतो, तिथे मी ३ च्या खाली सही करत नाही. खाली खाडीची मऊ माती असेल, ठाणे-नवी मुंबईकडे असते तशी, तर तिच्या अनड्रेन्ड (आतलं पाणी निघायला वेळ न मिळता मिळणाऱ्या) ताकदीचा सीओव्ही १३ ते ४० टक्के असू शकतो आणि मग हा स्लायडिंगचा सगळा हिशेब दुय्यम, गोल घसरणच ठरवते.

आता पाणी. हा मुद्दा तुमच्या एक्सेलमध्ये कुठेच नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. रॉबर्ट आणि जॉर्ज कर्नर यांनी २०१३ मध्ये जिओसिंथेटिक (जिओग्रिडसारखं कृत्रिम साहित्य) वापरलेल्या, फेल झालेल्या १७१ भिंतींचा अभ्यास छापला, बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. त्यात साधारण ६० टक्के प्रकरणांत मूळ कारण पाणी होतं, आणि साधारण तेवढ्याच भिंतींत बॅकफिल सिल्ट किंवा क्लेची होती. फायच्या पसरटपणातून हे कधीच बाहेर येणार नाही, कारण पाणी तुंबणं ही एक घटना आहे, घडते किंवा घडत नाही.

तुमच्याच भिंतीवर बघू. पॅनेलमागचा ६०० मिलिमीटरचा फिल्टर मीडिया (पाणी वाहून न्यायचा खडीचा थर) गाळाने भरला, वरच्या रस्त्याचं गटार फुटलं, आणि मागे ४ मीटर पाणी उभं राहिलं असं धरा. पाण्याचा रेटा वाढतो, बुडालेल्या मातीचा रेटा थोडा कमी होतो, निव्वळ वाढ साधारण ५२ किलोन्यूटन. त्यात तळाखाली पाण्याची उचल, मागे पूर्ण आणि पुढे शून्य अशी त्रिकोणी धरली तर एफओएस १.३१ वर येतो. सीओव्ही तेवढाच ठेवला तर बीटा १.३, शक्यता जवळपास दहात एक. आता भिंतीच्या आयुष्यात असं पाणी तुंबायची शक्यता ५ टक्के धरा (हा माझा अंदाज आहे, तुमच्या साइटला वेगळा असेल). ०.०५ गुणिले ०.०९८ म्हणजे ०.००४९, आणि कोरड्या स्थितीचे ०.००१८, एकूण ०.००६७. म्हणजे एकूण धोक्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्या एका घटनेतून आला.

याच हिशेबावर उपायांची तुलनाही करता येते. ड्रेनेज सुधारून, गटाराची देखभाल लावून तुंबण्याची शक्यता ५ वरून १ टक्क्यावर आणली तर एकूण ०.००२९ होतं. पट्टी ०.७ ऐवजी ०.८ पट केली तर कोरडा एफओएस २.०४, ओला १.५०, आणि ५ टक्के तशीच ठेवूनही एकूण ०.००१३. कागदावर लांब पट्टी जिंकते. पण पट्टी लांब केल्याने पॅनेलच्या जॉइंटमधून माती धुऊन जाणं थांबत नाही, कनेक्शनवरचा पाण्याचा दाब कमी होत नाही, ते सगळं या स्लायडिंगच्या हिशेबात दिसतच नाही. म्हणून मी दोन्ही मागतो, आणि दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर आपल्याकडच्या पावसात ड्रेनेज सोडत नाही.

मॉडेलच्या चुकीबद्दल एवढंच सांगतो, जिओग्रिडच्या भिंतींत प्रत्यक्ष मोजलेला ताण आपल्या नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या ताणापेक्षा बराच कमी असतो, अ‍ॅलन आणि बाथर्स्ट या संशोधकांच्या कामाने हे वारंवार दाखवलंय. म्हणून अंतर्गत स्थिरतेचा आलेला बीटा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. बाह्य स्थिरतेला असा आधार नाही, तिथे यावर विसंबू नका.

चेकरला उत्तर देताना मी असं लिहीन: आत्ताच्या ०.७ पट पट्टीने स्लायडिंगचा बीटा कोरड्या स्थितीत २.९, म्हणजे ३ च्या थोडा खाली, एफओएस लॉगनॉर्मल, फायचा सीओव्ही अमुक खाणीच्या इतक्या टेस्टवरून १० टक्के, खाण बदलली तर हा आकडा लागू नाही आणि नवीन टेस्ट लागतील. पाण्याची घटना धरून एकूण शक्यता साधारण ०.७ टक्के, ती कमी करायला पट्टी ०.८ पट आणि ड्रेनेजचा हा हा तपशील. मॉन्टे कार्लोचे ५०,००० रन जोडा, ते हातच्या हिशेबाच्या जवळ आले पाहिजेत, फार लांब गेले तर आधी एक्सेलमधली चूक शोधा.

आणि त्या सहा टेस्ट (किंवा जितक्या असतील तितक्या) कुठल्या तारखेला, खाणीच्या कुठल्या भागातून घेतल्या ते इथे टाकलंत तर सीओव्हीबद्दल मी जास्त नेमकं सांगू शकेन. चाळणीचा रिपोर्ट असेल तर तोही टाका, ७५ मायक्रॉनचा आकडा मला आधी बघायचाय.